परळची खोली ते राजगृह

घर बदलणं म्हणजे काय असतं, हे आपल्या सोसायटीत कुणाला सांगायला नको. पंचवीस वर्षांपूर्वी कुणाची शेगडी सापडत नव्हती, कुणाचं कपाट जिन्यात अडकलं होतं, आणि तरी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण सगळे त्यांना वंदन करतो. पण घरासाठी या माणसाने काय सोसलं, हे फारसं बोललं जात नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. पुढे वडील सुभेदार रामजी कुटुंबासह मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. स्वयंपाक तिथेच, झोपणंही तिथेच. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला उठवत. मग भीमराव दिव्याच्या उजेडात वाचत बसत.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावं लागलं. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धाचे दिवस, ती बोट पाणतीराने बुडाली. सामान हलवताना आपली कपबशी फुटली तरी जीव हळहळतो. इथे पोटाला चिमटा काढून घेतलेले ग्रंथ समुद्रात गेले.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी सराईत खोली घेतली. अकराव्या दिवशी काही माणसं काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेली. ओळखीच्या दोघांनीही अडचणी सांगून आसरा नाकारला. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. बँकेत मी गृहकर्जाची प्रकरणं पाहिली. तिथे आम्ही पगार बघायचो, तारण बघायचो, जामीनदार बघायचो. बाबासाहेबांकडे पगार होता, परदेशी शिक्षण होतं. आड आली ती फक्त जात.

नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पुन्हा लंडन, बॅरिस्टरी आणि डी.एस्सी. एवढं झालं तरी संसार परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांतच होता. पत्नी रमाबाईंनी तो काटकसरीने ओढला. चार मुलं लहानपणीच गेली, एकटे यशवंत वाचले. 1927 चा महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदेचं बोलावणं आलं, ते सगळं या चाळीत राहत असताना.

मग दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि 1930 नंतरच्या काही वर्षांत ते तिथे राहायला गेले. नाव ठेवलं राजगृह. बुद्धाच्या काळी मगधाची राजधानी होती, तिचं हे नाव. आपण फ्लॅट बघताना ओटा केवढा, बाल्कनी आहे का, ते विचारतो. बाबासाहेबांनी घर आखलं ते ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून. चाळीतून पुस्तकांचे गठ्ठे निघाले असतील तेव्हा केवढी धांदल उडाली असेल! आणि त्या पुस्तकांना अखेर स्वतःची भिंत मिळाली, याचं सुख तर आगळंच. रमाबाईंना मात्र ते घर फार काळ लाभलं नाही. 27 मे 1935 रोजी राजगृहातच त्यांचं निधन झालं.

पुढे मंत्रिपदामुळे बाबासाहेब दिल्लीत सरकारी बंगल्यांत राहिले. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत देह ठेवला. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं ते राजगृहातच, आणि तिथूनच अंत्ययात्रा निघाली.

आपल्या कार्यकारिणीकडे आता दर महिन्याला एखाद्या भाडेकरूचा अर्ज येतो. करारनामा बघावा, पोलीस पडताळणी बघावी, ते नियमच आहेत. पण आडनाव वाचून किंवा कुणाच्या ताटात काय आहे हे विचारून अर्ज बाजूला ठेवू नये. बागेत बसून गाडीची वाट बघायची पाळी आपल्या दारातून परतलेल्या कुणावर येऊ नये, एवढं आपल्या हातात नक्की आहे.