सर रतन टाटा : निळ्या नक्षीचा रसिक

आमच्या डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे टाटा म्हटले की मला पोलादच आठवायचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी मातीच्या भांड्यांपुढे उभा राहिलो, तेव्हा जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा मला प्रथम भेटले.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८७१ चा. घरात संपत्ती होतीच. ती कुठे वेचावी ही जाण मात्र त्यांची स्वतःची. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला त्यांनी सव्वा लाख रुपये दिले. १९१३ पासून पाटलिपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवला. १९०६ मध्ये लंडनजवळ ट्विकनॅम येथे यॉर्क हाऊस विकत घेतले. चित्रे, जेडच्या वस्तू, चिनी मातीची भांडी यांचा संग्रह ते प्रेमाने वाढवीत राहिले.

त्या काळी युरोपातील संग्राहकांना कांग्शी बादशहाच्या अमदानीतील (१६६२–१७२२) निळ्या-पांढऱ्या भांड्यांची भुरळ पडली होती. कच्च्या भांड्यावर कोबाल्टने नक्षी काढायची, वर झिलई द्यायची आणि प्रखर भट्टीत भाजायचे, अशी ती रीत. गंमत अशी की यांतील कित्येकांच्या बुडाशी दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा या मिंग बादशहाचे नाव असते. प्रथम मला ही शुद्ध लबाडी वाटली. पुढे वाचनात आले की १६७७ मध्ये जिंगदेजेनच्या कुंभारांना चालू बादशहाचे नाव घालण्याची मनाई झाली होती. भांडे फुटले तर नावाची विटंबना नको! शिवाय जुन्या उस्तादांविषयीचा आदरही त्यात होता.

हे वाचून मी खजील झालो. माझे मामा पेणच्या गणपती कारखान्यात जुन्या घाटाच्या मूर्तींचे डोळे आखतात. त्या कामाला मी एकदा त्यांच्या तोंडावर नक्कल म्हटले होते. मामा काही बोलले नाहीत. हातातला कुंचला तेवढा क्षणभर थांबला होता.

सर रतन टाटा ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज येथे वारले. वय अवघे ४७. पोटी मूल नव्हते; संग्रह त्यांच्या इच्छेनुसार मुंबईच्या संग्रहालयाला मिळाला. म्हणूनच डोलवीच्या माझ्यासारख्या मुलालाही ही निळाई पाहता आली.

येत्या सुट्टीत मामांना मी त्या दालनात नेणार आहे. माझा तो शब्द मला तिथेच परत घ्यायचा आहे.