स्वामी कुवलयानंद

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी बोरघाट चढून वर आली, की मावळचा मुलूख लागतो. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास लोक थंड हवेसाठी येत. १९२४ साली स्वामी कुवलयानंद तेथे आले, ते मात्र निराळ्याच हेतूने. योगविद्येची आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर परीक्षा घ्यावी, हा त्यांचा संकल्प होता. त्यासाठी त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले, तरी संस्कृतात प्रावीण्य मिळवून त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांचे शरीर कमावले गेले. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांनी त्यांना योगाची दीक्षा दिली. काही वर्षे त्यांनी खानदेशात अमळनेर येथे अध्यापनही केले.

गुरूंवर त्यांची निष्ठा अढळ होती. परंतु गुरूंनी सांगितले म्हणून ते सिद्ध झाले, असे ते मानीत नसत. योगी पाण्यात बसून नौली करतो, तेव्हा आतड्यात पाणी वर चढते. लोक याला गूढ शक्ती समजत. स्वामीजींनी आतड्यातील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी भरला. म्हणजे पाणी चढे ते दाबाच्या फरकामुळे! चमत्कार नाहीसा झाला, पण ज्ञान हाती आले. क्ष-किरणांनी पोटातील हालचाली पाहणे, आसनांत रक्तदाब मोजणे, असे प्रयोग करून त्यांचे वृत्तांत ते 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापीत. १९२७ साली महात्मा गांधी रक्तदाबाच्या विकाराने आजारी पडले, तेव्हा त्यांनीही स्वामीजींचा सल्ला घेतला.

सर्वांगासनात गळ्यातील अवटू ग्रंथीला रक्ताचा भरपूर पुरवठा होतो व तिचे आरोग्य सुधारते, असे स्वामीजींचे प्रतिपादन होते. आता, ग्रंथीला रक्त अधिक मिळाले एवढ्याने ती निरोगी झाली, असे होत नाही. ते स्वतंत्रपणे पडताळावे लागते. शिवाय रक्त तर नळ्यांत कोंडलेले! त्यातील अन्नरस ग्रंथीला कसा पोचतो आणि ग्रंथीचा स्राव रक्तात कसा शिरतो? ही देवघेव केशवाहिन्यांत होते. त्यांची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची असते. दंडावर पट्टा आवळून मोठ्या रोहिणीतील दाब मोजता येई. ह्या भिंतीची बारीक रचना मात्र साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नसे.

ती दिसू लागली १९५० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तेव्हा स्वामीजींनी सत्तरी गाठली होती. सर्व अवयवांतील केशवाहिन्या सारख्या नसतात, हे त्यातून उघड झाले. मेंदूतील भिंतीच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातील अनेक पदार्थांना तेथे सहजासहजी प्रवेश नाही. स्नायूंत पेशींमध्ये अरुंद फटी असतात. मूत्रपिंड, लहान आतडे आणि अवटूसारख्या ग्रंथी यांत भिंतीलाच गोल छिद्रे असतात. ती इतकी लहान, की एका मिलिमीटरात १२ ते १६ हजार छिद्रे ओळीने बसतील. यकृतात, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत तर याहून मोठी भगदाडे असतात. मज्जेत तयार झालेल्या रक्तपेशी भिंत ओलांडूनच रक्तात येतात. ज्या अवयवाचे जसे काम, तशी त्याची चाळण! स्वामीजींनी ज्या ग्रंथीचा एवढा विचार केला, तिची चाळण अशी बारीक छिद्रांची निघाली.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. लोणावळ्याचे कैवल्यधाम आजही चालू आहे. तेथे अजूनही साधकांची आसने चालतात, प्रयोगही चालतात, आणि 'योगमीमांसा' प्रसिद्ध होत असते.