हीटेड ग्रिप्स घेताय? आधी जेम्स जूलची गोष्ट वाचा

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही मनालीहून लेहला निघालो होतो. टांगलांग ला, उंची ५,३०० मीटरच्या आसपास. बारीक बर्फ पडायला लागला आणि वीस मिनिटांत माझ्या उजव्या हाताची बोटं गायब झाली. म्हणजे दिसत होती, पण जाणवत नव्हती. वळणावर ब्रेक दाबला, तर तो किती दाबला गेलाय तेच कळेना. गाडी कशीबशी कडेला घेतली, पण त्या दोन सेकंदांची भीती आजही आठवते.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम केलं ते हीटेड ग्रिप्स घेण्याचं. स्वस्तातलं किट घेतलं आणि एका ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवलं. डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला ट्रायल घेतली. परत येताना पसरणी घाटात प्लास्टिक जळल्याचा वास! हेडलाइटच्या मागे बघितलं, तर वायरचा पीळ मारून टेप लावलेला जॉइंट वितळला होता. गंमत बघा, ग्रिप कोमट आणि जॉइंट लालभडक.

असं का झालं, हे शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोहोचलो. नाव जेम्स प्रेस्कॉट जूल. शाळेत आपण जूल हे एकक पाठ केलं आणि माणूस विसरलो. आज त्याचीच गोष्ट सांगतो. ग्रिप्स कशा निवडायच्या, ते त्यातच येईल.

दारूभट्टीतला शास्त्रज्ञ

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. वडिलांचा बिअर बनवायचा मोठा कारखाना होता. लहानपणी तब्येत नाजूक, पाठीच्या कण्याचा त्रास, त्यामुळे शिक्षण घरीच झालं. पण शिकवायला कोण होतं? जॉन डाल्टन, ज्याचा अणुसिद्धांत आपण नववीत वाचतो तोच. डाल्टननं जूल आणि त्याच्या भावाला गणित शिकवलं. पुढे डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली.

जूल कधीच कॉलेजात गेला नाही, कधी प्रोफेसर झाला नाही. दिवसा कारखान्याचं काम, उरलेल्या वेळात प्रयोग, तेही घरच्या पैशांनी. बिअर बनवताना तापमान थोडं जरी चुकलं तरी माल वाया जातो. थर्मामीटर बारकाईने वाचायची सवय त्याला तिथंच लागली असावी, असं बरेच इतिहासकार मानतात.

इलेक्ट्रिक मोटरचं वेड

विशीतल्या जूलच्या डोक्यात एक भन्नाट आयडिया होती. कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढायचं आणि बॅटरीवरची मोटर लावायची. आज आपण ईव्हीबद्दल जे बोलतो, ते हा पोरगा १८४० च्या आधी बोलत होता.

पण तो नुसता बोलला नाही, त्यानं हिशोब मांडला. तेव्हाच्या बॅटरीत जस्त खर्च व्हायचं. एक पौंड जस्तातून जितकं काम मिळतं, त्याच्या कितीतरी पट काम एक पौंड कोळशातून मिळतं आणि कोळसा स्वस्तही आहे, असं आकड्यांतून निघालं. झालं, स्वप्न संपलं. आपल्याच आवडत्या कल्पनेला आकडे बघून नाही म्हणणं किती अवघड असतं! जूलनं ते केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला: या खटाटोपात वायर गरम होते, ती नेमकी किती?

वायर, पाणी आणि थर्मामीटर

प्रयोग साधा होता. काचेच्या नळीवर वायर गुंडाळायची, ती पाण्यात बुडवायची, करंट सोडायचा आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. १८४० च्या अखेरीस त्याला नियम सापडला. वायरमधली उष्णता तिच्या रोधाच्या प्रमाणात वाढते, आणि करंटच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. करंट निम्मा तर उष्णता फक्त पाव.

हीटेड ग्रिप म्हणजे याच नियमाचं चालतं-फिरतं उदाहरण. रबराच्या आत रोध असलेली तार किंवा पट्टी असते, बस. समजा दोन्ही ग्रिप्स मिळून रोध ४ ओहम आणि बॅटरी १२ व्होल्ट. करंट आला ३ अँपिअर, उष्णता ३६ वॅट. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ पर्यंत जातं, तेव्हा त्याच ग्रिप्स ४९ वॅट ओढतात. म्हणून बॉक्सवरचा वॅटचा आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे, ते बघा.

आता माझ्या जॉइंटचं बघू. ढिल्या जोडात समजा फक्त अर्धा ओहम रोध आला. त्या एका टोकावर साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. ऐकायला कमी वाटतं, पण ग्रिपची उष्णता तुमच्या दोन तळव्यांवर पसरते आणि ही साडेतीन वॅट शेंगदाण्याएवढ्या जागेत साठते. वितळणारच! जूलचा नियम ग्रिप आणि जॉइंट असा भेदभाव करत नाही. जिथे रोध, तिथे उष्णता.

कुणी ऐकेना

जूल पुढे गेला. उष्णता आणि काम ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या परिषदेत त्यानं ते मांडलं. सभेनं फारशी दखल घेतली नाही. रॉयल सोसायटीनं त्याचा आधीचा निबंध पूर्ण छापला नव्हता आणि पुढचा एक तर नाकारलाच. एक भट्टीवाला अंशाच्या बारीकशा भागापर्यंत तापमान मोजल्याचं सांगतोय, यावर विश्वास कोण ठेवणार?

त्यानं वाद घालण्यापेक्षा मोजणं चालू ठेवलं. पाण्यानं भरलेल्या भांड्यात पंखा, पंख्याला दोरी, दोरीला वजन. वजन खाली आलं की पंखा फिरणार, पाणी घुसळलं जाणार आणि अगदी किंचित तापणार. वजन परत वर न्यायचं, पुन्हा सोडायचं. असं वीस-वीस वेळा करून तापमान जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशानं वाढायचं. मँचेस्टरच्या जॉन डान्सर या कारागिराचे सूक्ष्म थर्मामीटर हाताशी होते म्हणून ते जमलं.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत त्याला थोडक्यात आटपायला सांगण्यात आलं. पण त्या खोलीत २३ वर्षांचा विल्यम थॉमसन बसला होता, पुढचा लॉर्ड केल्व्हिन. त्याला पूर्ण पटलं नाही, पण तो दुर्लक्षही करू शकला नाही. त्याच वर्षी जूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं. हनिमूनला ती दोघं आल्प्समध्ये असताना थॉमसनला जूल भेटला आणि त्याच्या हातात धबधब्याचं पाणी मोजायला लांबलचक थर्मामीटर होता, ही गोष्ट थॉमसनमुळे प्रसिद्ध झाली. तिचे तपशील किती खरे, यावर मतभेद आहेत. पण दोघांची भेट आणि पुढची दोस्ती खरी. दोघांनी मिळून दाखवलं की दाबलेला वायू बारीक छिद्रातून सुटला की साधारणपणे थंड होतो. हवेचं द्रवात रूपांतर करणारी यंत्रं पुढे याच तत्त्वावर आली.

१८५० मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला फेलो केलं आणि १८७० मध्ये कोप्ली पदक दिलं. पण घरात वेगळंच घडत होतं. १८५४ मध्ये अमेलिया गेली, नवजात मुलगाही गेला. मागे एक मुलगा आणि एक मुलगी राहिली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. नंतर पैशांची ओढाताण झाली आणि १८७८ मध्ये सरकारनं वर्षाला २०० पौंड पेन्शन सुरू केलं. त्याच वर्षी, साठीला टेकलेला जूल पुन्हा पाणी घुसळत होता, आकडा आणखी नेमका करायला.

मग ग्रिप्स कशा घ्यायच्या?

जूल वाचल्यावर मी दुसऱ्यांदा खरेदी केली, ती अशी:

- आधी गाडीचा हिशोब. मॅन्युअलमध्ये अल्टरनेटर किती वॅटचा आहे ते बघा. त्यातून हेडलाइट, फ्युएल पंप, ईसीयू, फोन चार्जर वजा करा. उरलेल्या वॅटमध्ये ग्रिप्स आरामात बसल्या पाहिजेत.
- बॅटरीचा अंदाज. ३६ वॅट तासभर म्हणजे १,२९,६०० जूल. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनची पूर्ण बॅटरी या ग्रिप्स अर्ध्या तासात संपवतील. म्हणून इंजिन बंद करून ग्रिप्स चालू ठेवू नका.
- वायरिंग. रिले लावा, म्हणजे चावी बंद केली की ग्रिप्सही बंद. फ्यूज हवाच. पुरेशी जाड वायर आणि घट्ट, वॉटरप्रूफ कनेक्टर. पीळ आणि टेप अजिबात नको.
- माप. बऱ्याच बाइकचं हँडल २२ मिमी असतं, काही क्रूझरचं २५.४ मिमी. ग्रिपची लांबीही मोजा.
- डावी-उजवी. क्लचकडची ग्रिप थेट धातूच्या हँडलवर बसते, धातू उष्णता पळवतो आणि ती बाजू थंड लागते. चांगल्या किटमध्ये याचा विचार केलेला असतो. उजवीकडे थ्रॉटल पूर्ण फिरवून आणि हँडल दोन्हीकडे वळवून वायर ताणली जात नाही ना, ते तपासा.
- हँडगार्ड. ग्रिप तळवा तापवते, वारा बोटांना वरून लागतो. गार्ड नसेल तर निम्मी उष्णता वाऱ्याला दान.

थडग्यावरचा आकडा

१८८९ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेनं ऊर्जेच्या एककाला जूलचं नाव दिलं. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला, मँचेस्टरजवळच्या सेलमध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर एक आकडा कोरलाय: ७७२.५५. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, त्याचा १८७८ चा निकाल. आजचा आकडा ७७८ च्या जवळपास आहे. दोरी आणि पंख्यावर एक टक्क्याहूनही कमी चूक!

येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही स्पितीला चाललोय. नवीन ग्रिप्स बसवल्यावर मी मल्टिमीटर लावून करंट मोजला, मग प्रत्येक जोडावर बोट ठेवून बघितलं. सगळे थंड. ग्रिप्स तेवढ्या गरम. जसं असायला हवं तसंच.