गोपाळ बाबा वलंगकर

गोपाळ बाबा वलंगकर (इ.स. १८४० च्या सुमारास – इ.स. १९००) हे अस्पृश्यतेविरुद्ध मराठी नियतकालिकांतून व पुस्तिकेद्वारे लेखन करणारे आद्य दलित लेखक व समाजसुधारक होते. दलित पत्रकारितेच्या इतिहासाचा आरंभ अनेक अभ्यासक त्यांच्यापासून करतात.

प्रारंभिक जीवन

वलंगकरांचा जन्म महाडजवळील रावढळ या गावी एका महार कुटुंबात झाला. महाड-पोलादपूरचा हा डोंगराळ मुलूख त्या काळी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. शेतीचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने येथील अनेक तरुण लष्कराची वाट धरीत. वलंगकरही लष्करात गेले. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांना पलटणीत अक्षरओळख होत असे, ही बाब त्यांचे पुढील आयुष्य समजून घेताना महत्त्वाची ठरते. इ.स. १८८६ मध्ये निवृत्त होऊन ते दापोलीस स्थायिक झाले. तेथे निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती होती.

लेखन

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. स्वतःचा छापखाना नाही, भांडवल नाही आणि ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नाही, अशा स्थितीत त्यांनी लेखणी हाती घेतली. कृष्णराव भालेकरांनी इ.स. १८७७ मध्ये सुरू केलेले व नंतर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविलेले 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचे पत्र त्यांना जवळचे होते. गोपाळ गणेश आगरकरांच्या 'सुधारक' पत्रातही त्यांनी लेखन केले. बहुजन व ब्राह्मण सुधारक अशा दोन्ही वर्तुळांच्या पत्रांत एका निवृत्त महार सैनिकाचे लेखन प्रसिद्ध होणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

इ.स. १८८८ मध्ये त्यांचे 'विटाळ विध्वंसक' प्रसिद्ध झाले. काही ग्रंथांत त्याचा उल्लेख मासिक असा होतो; परंतु स्वरूपाने ती प्रश्नावलीची छोटी पुस्तिका आहे. तीत २६ प्रश्न असून ते समाजातील वरिष्ठ वर्गाला उद्देशून आहेत. विटाळाला शास्त्राधार काय, हे ज्यांनी सांगावयाचे त्यांनाच लेखक विचारतो. उपदेश किंवा याचना न करता केवळ उत्तर मागण्याची ही पद्धत पुस्तिकेचे खरे बळ होय.

अस्पृश्य हे या भूमीचे मूळ रहिवासी असून आर्य आक्रमकांनी त्यांना दास्यात लोटले, ही फुले यांची मांडणी त्यांनी स्वीकारली होती. इतिहास म्हणून ती आज जशीच्या तशी ग्राह्य धरली जात नाही. तथापि हीनत्व जन्मसिद्ध नसून लादलेले आहे, हा तिचा आशय वाचकांना नवा होता.

सार्वजनिक कार्य

त्यांनी 'अनार्य दोष-परिहार मंडळी' ही संस्था स्थापन केली. इ.स. १८९० नंतरच्या काळात महारांची सैन्यभरती बंद झाली. कोकणातील अनेक कुटुंबांचा निर्वाह व शिक्षण यांचा तो महत्त्वाचा मार्ग होता. त्याविरुद्ध वलंगकरांनी इ.स. १८९४ मध्ये सरकारकडे करावयाच्या विनंती अर्जाचा मसुदा तयार केला. भरती पुन्हा सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. इ.स. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी नाराजी दर्शविली.

नंतरचा काळ

इ.स. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले. रमाबाई आंबेडकर यांच्या माहेरच्या घराण्याशी वलंगकरांचे नाते होते. त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' व डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' (इ.स. १९२०) ही पत्रे निघाली. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक प्रसिद्ध झाला.