ललिताबाईंचा डावा डोळा

मैत्रिणींनो, ललिता पवार म्हटलं की काय आठवतं? १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या 'रामायण'मधली मंथरा, नाहीतर सुनेला छळणारी खाष्ट सासू. एक डोळा बारीक करून त्या बघायच्या आणि आपल्या अंगावर काटा यायचा. ती अभिनयाची लकब आहे असं पुष्कळांना वाटतं. लकब कसली, ती जखम होती.

त्यांचं माहेरचं नाव अंबा शगुन. जन्म १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. मूकपटांच्या काळात लहान वयातच त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. पुढे नायिका झाल्या, बोलपटात स्वतः गायल्यासुद्धा. सगळं छान चाललं होतं.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण सुरू होतं. प्रसंगात भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. हात चुकून फार जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला लकवा झाला. तीन वर्षं औषधपाणी चाललं, पण डोळा कायमचा अधू राहिला. तेव्हा त्या अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या. नायिकेची कामं संपली. चेहरा हीच जिची भाकरी, तिचं काय झालं असेल हो!

पण ललिताबाई घरात बसल्या नाहीत. आई, सासू, शेजारीण, मिळेल ती भूमिका मन लावून केली. १९५० च्या 'दहेज'मधल्या सासूचा राग आला ना? मग १९५९ चा 'अनाडी' आठवा. त्यातली मिसेस डिसा वरून कडक, पण भाडेकरू पोरावर आईसारखी माया करणारी. डोळा तोच, पण त्यातून माया पाझरते. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मानही मिळाला. १९९८ साली पुण्यात त्या गेल्या, तोवर शेकडो चित्रपट झाले होते.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान कापताना पात डोळ्याला लागते, सरपण फोडताना ढलपी उडते आणि एखादीचा डोळा जातो. मग गाव तिला ललिता पवार म्हणून चिडवतं. लग्नाच्या फोटोसाठी माय तिला मान वळवून बसवते. गटाच्या कामाने गावोगाव फिरताना हे मी पाहते, तेव्हा जीव तुटतो. नाव ठेवणाऱ्यांना मंथरा तेवढी ठाऊक, मिसेस डिसा माहीत नाही.

एका डोळ्याने संसार होतो, थोडं शिकावं लागतं. दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज नीट येतो. एक गेला की चहा कपाबाहेर सांडतो, पायरी चुकते, सुईत दोरा जात नाही. मग किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतावं. पायरी आधी पायाने चाचपावी. रस्ता ओलांडताना गेलेल्या डोळ्याच्या बाजूला मान पूर्ण वळवून बघावं. काही महिन्यांत सवय होते. घरच्यांनीही त्या बाजूने अचानक अंगावर येऊ नये, आधी हाक मारावी.

आणि चांगला डोळा जिवापाड जपायचा. कापणीला, सरपण फोडताना चष्मा लावाच. डोळ्याला काही लागलं तर झाडपाल्याचा रस, दूध काही घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आपल्या पोरीला फोटोत तोंड लपवायला लावू नका. तिला समोर बघू द्या. ललिताबाई तर त्या तीन वर्षांनंतर पन्नास वर्षं कॅमेऱ्याकडे सरळ बघत राहिल्या.