१९१८ च्या वर्गातला वोल्फगांग पाउली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला आणि हुकूम सुटला, की तू फिजिक्सचा मास्तर, तेव्हा एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र दे, पण फार जड नको. मंडळाला सी. व्ही. रामन किंवा आइन्स्टाइन अपेक्षित असणार. मी निवडला वोल्फगांग पाउली. कारण शेवटी सांगतो. खरे तर चरित्रात 'ते' आणि 'त्यांनी' लिहायला हवे. पण ही आपल्या वर्गाची स्मरणिका आहे आणि वर्गमित्राला कोणी अहो-जाहो करत नाही. म्हणून मीही त्याला अरे-तुरेच करणार आहे. आपल्या सरांनी आणि बाईंनी रागावू नये.

पाउलीचा जन्म २५ एप्रिल १९०० चा, व्हिएन्नातला. वडील आधी डॉक्टर आणि नंतर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आई पत्रकार आणि लेखिका, धाकटी बहीण हेर्टा पुढे नटी आणि लेखिका झाली. प्रसिद्ध शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ अर्न्स्ट माख हे त्याचे धर्मपिता. म्हणून त्याच्या नावात मध्ये अर्न्स्ट आहे.

तो शिकला व्हिएन्नाच्या डोब्लिंग भागातल्या शाळेत. सांगतात, की कंटाळवाण्या तासाला तो बाकाखाली आइन्स्टाइनचे निबंध ठेवून वाचत असे. आपणही बाकाखाली बरेच काही वाचले, पण ते सापेक्षतावादाचे नव्हते एवढाच फरक! १९१८ साली तो शाळेतून बाहेर पडला आणि काही महिन्यांतच त्याचा सापेक्षतावादावरचा पहिला शोधनिबंध तयार झाला.

त्याच वर्गात रिखार्ड कून नावाचा दुसरा मुलगा होता. त्याने जीवनसत्त्वांवर संशोधन केले आणि १९३८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला जाहीर झाले. हिटलरच्या सरकारने ते घेऊ दिले नाही, ते त्याला युद्धानंतर मिळाले. पाउलीला १९४५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एका वर्गातून दोन नोबेल! मात्र याच कूनने १९४४ साली जर्मन लष्करासाठी काम करताना सोमान हा भयंकर विषारी वायू शोधला. तेच बाक, तेच मास्तर, आणि वाटा कुठच्या कुठे गेल्या. चाळीस वर्षांनी एकत्र जमताना हे आपल्याला निराळे सांगायला नको.

शाळेनंतर पाउली म्युनिकला झोमरफेल्ड यांच्याकडे गेला. २१ व्या वर्षी डॉक्टरेट झाली. त्याच वर्षी त्याने ज्ञानकोशासाठी सापेक्षतावादावर २३७ पानांचा लेख लिहिला, आणि तो वाचून खुद्द आइन्स्टाइन चकित झाले. पुढे गॉटिंगेन, कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे, मग हॅम्बुर्ग. १९२८ पासून तो झुरिकला प्राध्यापक होता.

त्याचे नाव अमर करणारे अपवर्जन तत्त्व १९२५ चे. आपल्या वर्गाच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे एका बाकावर दोघेच बसत. तिसरा आला की त्याला मागचा बाक. अणूमध्येही इलेक्ट्रॉनच्या एका कक्षकात दोघांनाच जागा, आणि त्या दोघांचे स्पिन एकमेकांच्या उलट. हा नियम नसता तर सगळे इलेक्ट्रॉन खालच्याच पातळीवर गर्दी करून बसले असते. मग सोडियम वेगळा आणि निऑन वेगळा असे काही उरले नसते. आवर्तसारणी नसती, आणि ती पाठ करताना आपण खाल्लेल्या छड्याही नसत्या.

त्याआधी, १९२४ साली, त्याने आणखी एक गोष्ट सुचवली होती. वर्णपटातल्या काही रेषा नीट पाहिल्या तर त्यांच्यातही बारीक फट दिसते. त्याचा खुलासा करताना पाउलीने मांडले, की अणूच्या केंद्रकालाही स्वतःचा स्पिन आणि छोटेसे चुंबकत्व असावे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणूस मात्र जिभेने तिखट. कच्चे काम समोर आले की तो ते चिरडून टाकी. १९२५ साली राल्फ क्रोनिग या विशीतल्या मुलाने त्याला सांगितले, की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असे मानले तर कोडे सुटते. पाउलीने ते उडवून लावले. पोराने कल्पना छापलीच नाही. त्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी ती छापली आणि श्रेय त्यांना गेले. तीस वर्षे मास्तरकी केल्यावर ही गोष्ट मला फार लागते. आपल्या एका वाक्याने किती मुले गप्प झाली असतील, याचा हिशोब कोण ठेवतो?

त्याच्याबद्दल एक गंमतही प्रसिद्ध आहे. तो प्रयोगशाळेत आला की उपकरणे बिघडत! ऑटो स्टर्न यांनी तर त्याला हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत यायलाच बंदी केली होती. पाउलीला स्वतःलाही याची मजा वाटे. पण बाहेर असे हसू चालू असताना आत वेगळेच चालले होते.

नोव्हेंबर १९२७ मध्ये त्याच्या आईने स्वतःचे जीवन संपवले. वडिलांच्या बाहेरच्या संबंधामुळे घर आधीच फाटले होते, आणि पुढच्याच वर्षी वडिलांनी दुसरे लग्न केले. १९२९ मध्ये पाउलीने चर्च सोडले. त्याच डिसेंबरात त्याने एका नर्तकीशी लग्न केले. ते वर्षभरही टिकले नाही, नोव्हेंबर १९३० मध्ये घटस्फोट झाला. दारू वाढली, भांडणे वाढली. १९३१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तो नशेत पडला आणि खांद्याचे हाड मोडून घेतले. दिवसा झुरिकचे मानाचे प्राध्यापक, रात्री हा असा माणूस. सहकाऱ्यांना किती माहीत होते आणि किती जणांनी बघून न बघितल्यासारखे केले, कोण जाणे.

आश्चर्य असे, की त्याची सर्वांत धाडसी कल्पना याच काळातली आहे. काही किरणोत्सारी पदार्थांच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा ऊर्जेचा हिशोब जुळत नव्हता. दरवेळी थोडी ऊर्जा गायब! बोर यांच्यासारखा माणूस ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार झाला होता. घटस्फोटाला काही दिवसच झाले असताना, ४ डिसेंबर १९३० ला, पाउलीने ट्यूबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहून सुचवले, की कोणालाही न दिसणारा, विद्युतभार नसलेला एक हलका कण ती ऊर्जा घेऊन निसटत असावा. स्वतः मात्र गेला नाही, कारण झुरिकमध्ये नाचाचा समारंभ होता. पुढे एन्रिको फर्मीने या कणाला न्यूट्रिनो म्हटले. असा कण सुचवला की जो कधी सापडणारच नाही, याची पाउलीला खंत वाटत असे.

शेवटी वडिलांनीच त्याला कार्ल युंग यांच्याकडे जायला सुचवले. ज्या बापावर राग, त्याचाच सल्ला त्याने ऐकला. १९३२ मध्ये तो झुरिकजवळ राहणाऱ्या या मनोविकारतज्ज्ञाकडे गेला. युंग यांनी त्याला आधी एर्ना रोझेनबाउम या तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवले, आपला प्रभाव पडू नये म्हणून. पाच महिने तो त्यांना आपली स्वप्ने लिहून देत होता. पुढची दोन वर्षे खुद्द युंग यांच्याकडे गेली. हजाराहून जास्त स्वप्ने त्याने नोंदवली. युंग यांनी त्यातली शेकडो स्वप्ने व्याख्यानांत आणि पुस्तकात वापरली, पण रुग्णाचे नाव बाहेर येऊ दिले नाही. युंग यांच्या सगळ्या कल्पना आजचे डॉक्टर मानत नाहीत, मलाही त्यातल्या बऱ्याच पटत नाहीत. पण कोणापुढे तरी बसून खरे बोलणे, हा उपाय आजही तोच आहे.

१९३४ मध्ये त्याने लंडनला फ्रांका बेर्ट्रामशी लग्न केले आणि ते शेवटपर्यंत टिकले. युंगशी असलेला पत्रव्यवहार पुढे बरीच वर्षे चालू राहिला, पण आता दोन विद्वानांचा. १९५२ मध्ये दोघांचे निबंध एका पुस्तकात आले. तो साधू झाला असे मात्र समजू नका. जीभ तिखटच राहिली. फक्त माणूस उभा राहिला.

आपला होमी भाभा केंब्रिजहून झुरिकला पाउलीकडे शिकायला गेला तो याच काळात. तिथे शिकलेला हा मुंबईकर पुढे १९४५ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणार होता.

युद्धाच्या वर्षांत पाउली अमेरिकेत प्रिन्स्टनला होता. अणुबॉम्बच्या कामात तो नव्हता. १९४६ मध्ये झुरिकला परतला. १४ जून १९५६ ला त्याला तार आली. फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कॉवन यांना अमेरिकेतल्या एका अणुभट्टीजवळ न्यूट्रिनो सापडला होता. कल्पनेपासून शोधापर्यंत जवळजवळ २६ वर्षे! आपल्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. आपल्या देशातही १९६५ साली कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची खूण सापडली. त्या गटात भाभांच्याच संस्थेचे शास्त्रज्ञ होते.

तो चुकलाही. निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करत नाही, याबद्दल त्याची खात्री होती. जानेवारी १९५७ मध्ये चियेन-शिउंग वू या बाईंच्या प्रयोगाने ती खोटी ठरवली, आणि त्याने आपली चूक मान्य केली. ५ डिसेंबर १९५८ ला शिकवतानाच त्याच्या पोटात दुखू लागले. रुग्णालयात त्याला मिळालेली खोली होती क्रमांक १३७. भौतिकशास्त्रात १३७ या आकड्याला मोठे महत्त्व आहे आणि त्याचे गूढ पाउलीला आयुष्यभर छळत होते. त्या योगायोगाने तो अस्वस्थ झाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १५ डिसेंबरला तो गेला. वय ५८. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे आजचे वय.

आता कारण. काही वर्षांपूर्वी मी दोन स्नेहमेळाव्यांना आलो नाही, तेव्हा ग्रुपवर निरोप होता की मणक्याचा त्रास आहे. तो खोटा होता. मला नैराश्याचा आजार झाला होता. झोप गेली होती. फळ्यासमोर उभा राहिलो की पुढचे वाक्य सुचत नसे. एकदा मुलांकडे पाठ करून मी दहा मिनिटे फळाच पुसत राहिलो. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. त्या बोगद्यात पडल्यापडल्या, ठकठक आवाजात, माझ्यातला मास्तर जागा झाला. हे यंत्र शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा स्पिन चुंबकाने हलवते आणि त्यावरून चित्र काढते. केंद्रकाच्या स्पिनची कल्पना कोणाची? पाउलीची. पुढे १९४६ मध्ये ब्लॉख आणि परसेल यांनी त्या चुंबकत्वाचे संकेत पकडले, १९७३ मध्ये लॉटरबर यांनी चित्र काढून दाखवले.

रिपोर्ट नॉर्मल आला आणि खरे सांगतो, मला वाईट वाटले. गाठ निघाली असती तर सगळ्यांना सांगता आली असती! पाउलीच्या कल्पनेवर चाललेल्या यंत्राला माझे दुःख दिसले नाही. तसे पाउलीचेही त्यात दिसले नसते. डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. ती मी तीन आठवडे खिशात घेऊन फिरलो. शेवटी बायको हात धरून घेऊन गेली. गोळ्या घेतल्या, बोललो, वर्ष गेले आणि बरा झालो. पाउलीचे चरित्र मी त्यानंतर मन लावून वाचले.

आपल्या वर्गात एक मुलगा नववीत अचानक बोलेनासा झाला होता. आपण त्याला काय नाव ठेवले ते सगळ्यांना आठवत असेल. मीही हसलो होतो. दहावीला तो नव्हता. त्याचा पत्ता या वेळीही कोणाला सापडला नाही. कोणाला सापडला तर मला जरूर कळवा, मला त्याची माफी मागायची आहे.

आणि आपल्यापैकी कोणाचा 'मणका' दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. मेळाव्याच्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलेला असेन. ज्याला बोलायचे आहे त्याने शेजारी येऊन बसावे. बाकावर दुसऱ्याची जागा रिकामी आहे.