श्रमाचे मोल आणि मताचे मोल : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

१ मे हा दिवस आम्हां गोंदियावासीयांसाठी चार निमित्ते घेऊन येतो. तो महाराष्ट्र दिन आहे आणि जागतिक कामगार दिनही आहे. १९९९ साली याच दिवशी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आपल्या ख्रिस्तसभेत हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून पाळला जातो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली तो ठरवून दिला. ही चारही निमित्ते एकत्र आली की आम्हांस एका थोर पुरुषाचे स्मरण होते. हा सण सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ च्या उन्हाळ्यात, ते आपल्या या परिसरात मते मागण्यासाठी आले होते आणि पराभूत होऊन परत गेले होते. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यानंतर एका महिन्याने, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. रास्त वेतन, विश्रांती आणि संघटनेचा हक्क या गोष्टी त्या पत्राने ख्रिस्तसभेच्या शिकवणीत ठामपणे मांडल्या. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु घामाने भाकरी मिळवणाऱ्या माणसाला प्रतिष्ठा मिळावी, हा जो प्रश्न रोममध्ये विचारला गेला, तोच प्रश्न या बालकाला पुढे आयुष्यभर सोडवावा लागला. फरक एवढाच की, युरोपातील कामगाराला दारिद्र्याशी झुंजावे लागत होते. येथील कामगाराला दारिद्र्याबरोबर जन्माशीही झुंजावे लागत होते.

वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत. त्यामुळे घरात विद्येची ओढ होती. मात्र साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. अशा स्थितीतून ते मॅट्रिक झाले, १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळवून १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही वस्ती आहे. त्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने राहावयास येत होती. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, तरी कातडीच्या रंगावरून काम, घर आणि शाळा ठरवण्याची रीत संपली नव्हती. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची अनेकदा तुलना केली. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी तेथील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागवली. द्यु बॉइस यांनीही भारतातील अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त करणारे उत्तर धाडले.

तथापि, जात म्हणजे वंश असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वंशाने वेगळे नाहीत, जात ही माणसांनीच निर्माण केलेली व्यवस्था आहे, असे त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात दाखवून दिले. याच निबंधात त्यांनी कामाचाही विचार केला आहे. कामाची वाटणी कोणत्याही समाजात होतेच, परंतु आपल्या देशात कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही उच्च-नीच अशी वाटणी झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. माणसाचा कल पाहून, त्याचे गुण पाहून त्याला काम मिळत नाही. आईच्या उदरातून बाहेर येण्यापूर्वीच ते त्याच्यासाठी ठरलेले असते.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हते, तो त्यांचा स्वतःचा अनुभव होता. १९१७ साली परदेशातून उच्चविद्याविभूषित होऊन परतल्यावर करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मोठ्या पदावर असूनही कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या मेजावर दुरूनच कागद टाकीत. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. पण काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावून लावले.

त्या दिवशी घडलेला एक प्रसंग आम्ही मुद्दाम येथे नोंदवीत आहोत, कारण तो आपल्याशी संबंधित आहे. आसरा मागण्यासाठी बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. त्यांपैकी एक हिंदू होता आणि दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने आपली अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राने पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे सांगितले. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण कुळातील होते, आणि ख्रिस्ती झाल्यानंतरही अस्पृश्याला घरात घेण्यास त्या माउलीचे मन तयार झाले नसते, हे बाबासाहेबांना मागाहून समजले. ते एका सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. प्रभू येशूच्या जन्माच्या वेळीही धर्मशाळेत जागा नव्हती, हे आपण दर नाताळला ऐकतो. या प्रसंगी जागा नाकारणाऱ्यांत आपलाच एक बंधू होता, हे आपण विसरू नये.

मुंबईत १९१८ साली ते सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्यांच्या बांधवांची गत याहून वाईट होती. तेथील विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे, पण अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नसे. कारण धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याच्या उष्ट्याचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी, हे दार उघडण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत असली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपाशी धरला. मालकाशी लढताना कामगारांनी आपापसांतील भिंतीही पाडल्या पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे अनेकांना त्या वेळी रुचले नाही.

त्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. वतन हा शब्द मानाचा वाटला, तरी त्यापोटी घरातल्या सर्वांना दिवस-रात्र सरकारची आणि गावाची चाकरी करावी लागे आणि मोबदला अत्यल्प असे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बोलताना, कामगाराला ब्राह्मण्य आणि भांडवलशाही या दोन शत्रूंशी लढावयाचे आहे, असे त्यांनी सांगितले; आणि ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण व्यक्ती नव्हे, तर समता व बंधुता नाकारणारी वृत्ती होय, हेही स्पष्ट केले. गोंदियासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात हे शब्द कोणाला उद्देशून होते, हे वेगळे सांगावयास नको.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून विचार करण्याची त्रिपक्षीय पद्धत त्यांच्या कारकिर्दीत रुजली, सेवायोजन कार्यालयांची उभारणी सुरू झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी ज्या संविधानाला आकार दिला, त्याच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीवर बंदी आणली आणि ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा अधिकार दिला. शेतमजुराच्या आणि मालगुजाराच्या मताचे मोल त्यायोगे प्रथमच सारखे झाले.

याच मताधिकाराच्या कसोटीला ते स्वतः आपल्या भागात उतरले. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे आणि इतर मतभेदांमुळे १९५१ साली त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ साली मुंबईतून लोकसभेची निवडणूक ते हरले आणि नंतर राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा त्या काळच्या मध्य प्रदेश राज्यात होता. हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे राखीव जागेवर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते आणि दोन्ही पक्षांचे परस्परसाहाय्य होते.

प्रकृती तेव्हा खालावली होती. मधुमेह आणि गुडघेदुखीने ते त्रस्त होते. अशा स्थितीत भर उन्हाळ्यात त्यांनी येथे प्रचार केला. त्या वेळचा एक प्रसंग कार्यकर्त्यांच्या आठवणींतून सांगितला जातो. सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देतीलच, याची खात्री नव्हती. तेव्हा आपल्या लोकांनीही एकच मत द्यावे आणि दुसरे कुणालाच न देता कुजवावे, असे काही अनुयायांनी सुचवले. १९५२ साली मुंबईत त्यांच्या विरोधात मते कुजवण्याचा हाच डाव खेळला गेला होता. परंतु बाबासाहेबांनी या सूचनेला साफ नकार दिला. हरलो तरी चालेल, पण ज्या संविधानाने मताचा हक्क दिला, त्याच्याशी प्रतारणा करावयास मी लोकांना सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काही हजार मतांनी काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. लोकसभेत जाण्याचा त्यांचा तो अखेरचा प्रयत्न ठरला. पुढे अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

एका पराभवाची ही कथा आम्ही कामगार दिनाच्या निमित्ताने का सांगत आहोत? आमच्या मते, श्रमाचे मोल आणि मताचे मोल या एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत. ज्याच्या श्रमाला समाज तुच्छ लेखतो, त्याचे मतही तो विकत घेण्याजोगे समजतो. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात तेंदूपत्त्याचे फड लागतात, घरोघरी बिड्या वळल्या जातात, धानाच्या गिरण्यांत हमाल पोती वाहतात. हजार बिड्यांमागे मजुरी मोजून घेणाऱ्या बाईच्या बिड्यांतून छाट काढली जाते, तेव्हा तिच्या श्रमाचा एक हिस्सा मोबदल्यावाचून जातो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले, तरी गटारात उतरून जीव गमावणाऱ्यांत ठराविक जातींचेच लोक अधिक असतात. जन्मावरून काम ठरण्याची रीत संपली, असे म्हणण्याचा दिवस अजून उजाडलेला नाही.

आपणही यातून सुटत नाही. भारतीय ख्रिस्ती समाजात जातीच्या भिंती कायम असल्याची टीका बाबासाहेबांनी केली होती. देशातील काही ठिकाणी चर्चमधील बाके आणि दफनभूमीतील जागाही जातीनुसार वेगळ्या होत्या, हे आपण नाकारू शकत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून जातिभेद हे पाप आहे, असे स्पष्ट केले. धोरण कागदावर आहे. ते आपल्या धर्मग्रामात उतरवणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

प्रिय वाचकहो, बडोद्याच्या त्या ख्रिस्ती घराचे दार एका संध्याकाळी उघडले असते, तर फार मोठे काही घडले असते असे आम्ही म्हणत नाही. एका थकलेल्या माणसाला रात्रीचा आसरा मिळाला असता, इतकेच. तसे प्रसंग आपल्याही दारी येतात. घरकाम करणाऱ्या बाईचा चहाचा कप आपण वेगळा ठेवला आहे काय? मिस्सेनंतर दफनभूमी झाडणाऱ्या माणसाचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? निवडणुकीच्या आदल्या रात्री कोणी पाकीट पुढे केले, तर ते नाकारण्याचे बळ आपल्यापाशी आहे काय? येत्या १ मे रोजी श्रमिक संत योसेफ यांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावताना या तीन प्रश्नांची उत्तरे आपण स्वतःलाच द्यावीत, एवढीच आमची विनंती.